खेळांसाठी लिनक्स निवडताना एकच पेन ड्राइव्ह पुरतो

घरच्या गेमिंग संगणकावर विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या प्रणालीचा कोणता प्रकार घ्यावा, हे ठरवताना प्रत्येक पर्यायासाठी पेन ड्राइव्ह नव्याने तयार करावा लागतो आणि दोन रविवार सहज जातात. त्यापेक्षा पुढील पद्धत सोयीची आहे.

१. आपण खरोखर खेळतो असे पाच-सहा खेळ प्रोटॉनडीबी या, विंडोजचे खेळ लिनक्सवर कसे चालतात हे सांगणाऱ्या संकेतस्थळावर तपासावेत. व्हॅलोरंट किंवा फोर्टनाइट सोडवत नसेल, तर विंडोजवरच राहावे; त्यांची फसवणूक रोखणारी यंत्रणा लिनक्सवर खेळू देत नाही.

२. पेन ड्राइव्हवर (पुण्याच्या तापकीर गल्लीतला साधा ३२ जीबीचा चालतो) व्हेंटॉय, म्हणजे एकाच पेन ड्राइव्हवरून अनेक प्रणाली सुरू करू देणारा प्रोग्राम, एकदाच बसवावे. त्यानंतर मिंट, नोबारा आणि पॉप ओएस या लिनक्सच्या प्रकारांच्या आयएसओ फाइली (पूर्ण प्रणाली सामावलेल्या फाइली) गाणी कॉपी करावीत तशा त्यात टाकल्या, की पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करताना त्यांची यादी पडद्यावर येते. एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असल्यास ते चालवणाऱ्या ड्रायव्हरसह मिळणारी आयएसओ घ्यावी. नोबारा आणि पॉप ओएस ती वेगळी देतात.

३. प्रत्येक प्रणाली संगणकावर न बसवता पेन ड्राइव्हवरूनच चालवून वाय-फाय, आवाज, ब्लूटूथ कंट्रोलर आणि मॉनिटरचा १४४ हर्ट्झचा दर (सेकंदाला चित्र किती वेळा बदलते तो) मिळतो का, हे पाहावे. आमच्या कोथरूडच्या घरी एका प्रणालीत वाय-फायचे चिन्हच उमटले नाही, तर दुसरीत शेजाऱ्यांची सगळी नावे तत्काळ दिसली. निवड तिथेच झाली. खेळाचा वेग मात्र अशा चाचणीत कळत नाही.

व्हेंटॉय बसवताना पेन ड्राइव्हवरचे सर्व काही पुसले जाते, म्हणून त्यातले फोटो आधी हलवावेत.