ब्लूबर्डसाठी पेटी लावताय? या चुका टाळा

मार्च आला की इथे नॉर्थ कॅरोलायनात दुकानांतून पक्ष्यांना घरटं करायला ठेवायच्या रंगीत पेट्या दिसायला लागतात. आमची पहिली पेटीही अशीच हौसेनं आणलेली. भोकाखाली बसायला छोटी दांडी होती, आणि लावली ती किचनच्या खिडकीसमोर, दाण्यांच्या फीडरशेजारी. आठवड्याभरात चिमण्यांनी आत संसार थाटला आणि आम्ही खूश! ‘एक घास चिऊचा’ ऐकत जेवलेल्या माणसाला चिमणी परकी वाटेल तरी कशी?

इथे सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. ही आपलीच चिमणी, पण अमेरिकेत ती मूळची नाही. १८५०च्या दशकात ब्रुकलिनमध्ये ती युरोपातून आणून सोडली. पेटी बळकावताना ती ब्लूबर्ड या इथल्या स्थानिक पक्ष्याची अंडी फोडते, पिल्लं मारते, आत बसलेल्या मादीलाही सोडत नाही. दुसऱ्या वर्षी मी पेटी उघडली, तर मेलेल्या मादीच्या अंगावरच गवत रचलेलं होतं. तो दिवस विसरणं शक्य नाही.

म्हणून पेटी घरापासून लांब, मोकळ्या हिरवळीवर लावा. बाजरीसारखे दाणे आणि मक्याचा भरडा ठेवू नका, ते चिमण्यांना बोलावणंच असतं. दांडी असेल तर कापून टाका. ब्लूबर्डला तिची गरज नसते. भोक दीड इंचाचं हवं. त्याहून मोठं झालं की साळुंकीच्या कुळातला स्टार्लिंगही आत शिरतो. चिमण्या हटेनातच, तर काही आठवडे भोक बंद ठेवा किंवा पेटीची जागा बदला.

पेटी झाडाला किंवा कुंपणाला ठोकणं ही दुसरी चूक. साप, मांजर, रॅकून सगळ्यांनाच ती वाट सोपी. गुळगुळीत लोखंडी खांबावर, साधारण पाच फुटांवर लावा आणि पेटीखाली पत्र्याचा बॅफल, म्हणजे प्राण्यांना वर चढू न देणारा अडसर, बसवा. झुडपांच्या अगदी जवळही नको, तिथे रेन हा चिमुकला पक्षी येऊन अंड्यांना भोकं पाडतो.

खाण्याच्या बाबतीत आपली गल्लत होते ती नावामुळे. हा आपला नीलपंख नव्हे. कस्तुराच्या कुळातला, निळ्या पाठीचा, विटकरी छातीचा हा पक्षी दाण्यांकडे फारसा फिरकत नाही. तारेवर बसून खालच्या गवतातला किडा हेरतो आणि झेप घेतो. म्हणजे हिरवळीवर कीटकनाशक मारलंत, की त्याचं ताटच काढून घेतलंत. वाटीत थोडे मीलवर्म (विकत मिळणाऱ्या अळ्या) ठेवायला हरकत नाही, पण रोज पोटभर नकोत, त्यांत कॅल्शियम कमी असतं. हिवाळ्यासाठी डॉगवुड किंवा हॉली लावा. त्यांची फळं तो आवडीनं खातो.

आता घाईबद्दल. मादी रोज एक याप्रमाणे चार-पाच फिकट निळी अंडी घालते आणि बहुधा सगळी घालून झाल्यावरच उबवायला बसते. तोवर अंडी थंड असतात. ‘सोडून गेली’ असं समजून ती काढून टाकू नका. शिवाय इथल्या स्थानिक पक्ष्यांच्या अंड्यांना १९१८च्या कायद्याचं संरक्षण आहे. उबवायला साधारण दोन आठवडे लागतात. आठवड्यातून एकदा पेटी उघडून पाहिलीत तर चालतं, मात्र पिल्लं बारा-तेरा दिवसांची झाली की अजिबात उघडू नका. घाबरून ती उडता येण्याआधीच बाहेर उडी मारतात. त्या दिवसांत दुर्बिणीतून बघा; नर-मादी चोचीत अळ्या घेऊन ये-जा करत असतील, तर आत सगळं ठीक चाललंय.

पिल्लं उडून गेली की लगेच जुनं घरटं काढून पेटी झाडून ठेवा. आमच्याकडे तीच जोडी त्याच उन्हाळ्यात दुसऱ्यांदा घरटं बांधते.