नागपूरच्या गच्चीवर ब्लूबेरी

नागपुरात ब्लूबेरी लावायची म्हटली की सगळ्यांना आधी मे महिन्यातले पंचेचाळीस अंशांचे ऊन आठवते. पण हे झुडूप बहुतेक वेळा उन्हाआधी माती आणि पाण्यामुळेच मरते. त्याला ४.५ ते ५.५ सामूची (pH, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) आम्लधर्मी माती लागते, आणि आपल्या काळ्या मातीचा सामू चुनखडीमुळे बहुधा ७.५च्या वर असतो. गंधक मिसळून तो उतरवण्याच्या खटाटोपात पडू नये, कारण मातीतला चुना त्याला पुरून उरतो.

म्हणून १५ ते १८ इंची, फिकट रंगाची कुंडी घ्यावी. काळी पिशवी उन्हात तापते. दोन भाग पीट मॉस (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाचा भुसा), एक भाग धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग झाडाच्या सालीचे तुकडे एकत्र करावेत. कोरडे पीट मॉस पाणी धरत नाही, म्हणून ते आदल्या रात्री भिजवावे. कमी थंडीत फळणाऱ्या ‘मिस्टी’, ‘बिलॉक्सी’ किंवा ‘शार्पब्लू’ यांपैकी दोन वेगळ्या जातींची रोपे नोव्हेंबरात लावावीत. मुळे उथळ आणि केसासारखी बारीक असतात, त्यामुळे माती खुरपू नये, वर पाचोळा पसरावा.

खरी मेख पाण्यात आहे. कूलरच्या खसावर साचणारा पांढरा थर पाहिला, की बोअरच्या पाण्यात काय असते ते कळते. कूलरच्या टाकीत उरलेले पाणी तर त्याहून खारट, आणि आरओने बाहेर टाकलेलेही तसेच. पावसाचे पाणी साठवावे. ते संपले की बोअरच्या पाण्यात थोडे थोडे सायट्रिक अ‍ॅसिड घालून pH पट्टीने सामू तपासावा आणि तो साडेपाचच्या आसपास आणावा. कोवळी पाने पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या, तर सहसा सामू वाढल्यामुळे झाडाला लोह मिळत नसते. अशा वेळी लोक आणखी खत घालतात, तीच चूक. एरवी अमोनियम सल्फेट चिमूटभर पुरते. राख आणि हाडांचा चुरा मात्र टाळावा.

एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत ५० टक्के ऊन अडवणारी ग्रीन नेट बांधावी, सकाळचे ऊन मिळू द्यावे. पावसाळ्यात कुंडी विटांवर ठेवावी. पहिल्या वर्षीची फुले खुडावीत.

फळ निळे होताच तोडू नये. देठाजवळ लालसर कडे असेल तर ते आंबट लागते, म्हणून आणखी तीन-चार दिवस थांबावे, आणि तेवढ्यात बुलबुलांनी डाव साधू नये म्हणून झुडपावर जाळी टाकावी.