एक पुस्तक, सहा आठवडे: घरी शिकणाऱ्या सहावी ते आठवीच्या मुलांची मराठी

घरी शिकणाऱ्या मुलांच्या मराठीचं घोडं बहुतेक एकाच जागी अडतं: गोष्टींचं पुस्तक वेगळं, व्याकरणाची वही वेगळी आणि निबंधाचं गाईड तिसरंच. त्यापेक्षा एक सबंध पुस्तक सहा आठवडे धरा आणि शुद्धलेखन, व्याकरण, लेखन सगळं त्यातूनच काढा. वर्षात अशी चार पुस्तकं झाली तरी भरपूर.

सातारा-सांगलीकडच्या मुलांसाठी पहिलं पुस्तक म्हणून व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) उत्तम. कादंबरी छोटी, गद्य सरळ आणि मुलूख ओळखीचा. धनगरवाडीवर आलेला तरुण मास्तर, गावानं उभी केलेली तालीम, औंधच्या राजांची भेट, मग दुष्काळ, एवढं सातवीच्या मुलाला पेलतं. मोठ्यांच्या नात्यांतले काही प्रसंग येतात, म्हणून आधी स्वतः वाचून घ्या. अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, म्हणजे सांगलीच्या वाळवा तालुक्यातलेच. पण त्यांची 'फकिरा' (१९५९) ही कादंबरी आठवीच्या दुसऱ्या सहामाहीआधी काढू नका.

सोमवार ते गुरुवार रोज सहा-सात पानं आणि एकूण सव्वा तास. वीस मिनिटं मनात वाचन, दहा मिनिटं मोठ्यानं, दहा मिनिटं श्रुतलेखन, पंधरा मिनिटं व्याकरण, उरलेला वेळ लेखनाला. शुक्रवारी नवं वाचन नाही, आठवड्याचं लेखन पुरं करायचं. शब्दार्थ दिवसाला पाचच. प्रत्येक अनोळखी शब्दाला मूल अडवलं की तिसऱ्या दिवशी ते पुस्तक लपवून ठेवतं. शब्दही मुलानंच निवडायचे, आणि अर्थ आधी वाक्यावरून ओळखायचा, मग कोश उघडायचा.

श्रुतलेखनाला त्या दिवशी वाचलेल्या पानातल्या पाच ओळी पुरेत. चुका बहुतेक ऱ्हस्व-दीर्घाच्याच निघतात, कारण आपल्या बोलण्यात तो फरक फारसा उरलेला नाही. कानावर भरवसा ठेवून लिहिणारं मूल चुकणारच. इथे नियमच हातात द्यावा लागतो: शब्दाला प्रत्यय लागला की मूळ शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व होतो. वकील, पण वकिलाला. फूल, पण फुलांचा. गरीब, पण गरिबाने. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांना हा नियम नाही, म्हणून परीक्षा, परीक्षेला. पहिले दोन आठवडे फक्त एवढंच तपासा. बाकीच्या चुका दिसल्या तरी लाल पेन आवरा. सगळं पान रंगवलं की मूल पुढच्या वेळी दोनच ओळी लिहितं, कमी लिहिलं की चुका कमी, हे त्याला लगेच कळतं.

व्याकरणात सगळ्यात जास्त घोळ प्रयोगांचा, म्हणजे क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं की कर्माप्रमाणे, याचा. कादंबरी मास्तरच्या तोंडून आहे, त्याचा फायदा घ्या. भूतकाळातला एक परिच्छेद निवडा आणि सांगायला मास्तरऐवजी बाई आणा. 'मी गेलो'चं 'मी गेले' होतं, पण 'मी पत्र लिहिलं' जसंच्या तसं राहतं. सांगणारा बदलल्यावर बदललेली क्रियापदं कर्तरी. न बदललेल्यांत कर्माप्रमाणे चालणारी कर्मणी: पत्र लिहिलं, चिठ्ठी लिहिली. कशाचंच न ऐकणारी भावे: मी मुलाला बोलावलं, मी मुलीला बोलावलं. सकर्मक क्रियापद भूतकाळात आलं की कर्मणीच, असं पालकही धरून चालतात. तिथे 'मी चहा प्यालो' आणि 'मी धडा शिकलो' समोर ठेवा. कर्म आहे, तरी प्रयोग कर्तरीच. कोल्हापूरकडच्या आणि सातारा-सांगलीकडच्याही काही घरांत मुली 'मी आलो' असंच म्हणतात. त्यांना हा खेळ 'तो आला, ती आली' असा द्या, म्हणजे अडणार नाही.

संवादातली बोली कधीही 'चूक' म्हणून सुधारायला लावू नका. वहीत दोन रकाने आखा, एकात बोलीतलं वाक्य, दुसऱ्यात प्रमाण मराठीतलं. मग उलटं करा: वर्तमानपत्रातली बातमी आजीच्या बोलीत लिहायची. हे दुसरं काम मुलांना जास्त कठीण जातं.

लेखनाचा मुख्य प्रकल्प व्यक्तिचित्र. पहिला खर्डा हमखास असा येतो: 'आमचे आबा खूप प्रेमळ व कष्टाळू आहेत.' विशेषणं खोडा आणि विचारा, कष्ट करताना आबांचे हात काय करतात? दुसऱ्या खर्ड्यात येतं: 'वैरण टाकताना आबा आधी म्हशीच्या पाठीवर थाप मारतात, मगच पेंढी सोडतात.' तीन खर्डे करून घ्या, दोन खर्ड्यांत किमान दोन दिवस जाऊ द्या, आणि तिन्ही तारखेसह एकाच फाइलमध्ये लावा. प्रगती मोजायला गुणांपेक्षा ही फाइल बरी.

माहितीपर लेखनासाठी मेंढपाळी किंवा दुष्काळ असा विषय द्या. मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे. मुलं नोंदच्या नोंद उतरवून काढतात. त्यावर इलाज म्हणजे नोंद वाचायची, बंद करायची, आठवतील ते पाच मुद्दे लिहायचे, मग उघडून पडताळायचे. सहाव्या आठवड्यात सातारा जिल्ह्यातल्या औंधला एक फेरी मारा. तिथलं श्री भवानी चित्रसंग्रहालय १९३८चं, औंधचे राजे असलेल्या पंतप्रतिनिधींच्या संग्रहाचं. एका चित्रासमोर बसून दहा ओळींचं वर्णन लिहायला लावा.

मुक्त विद्यालयातून आठवीची परीक्षा द्यायची असेल, तर त्यांचा भाषेचा अभ्यासक्रम वर्षाच्या सुरुवातीलाच बघून ठेवा. पत्रलेखन, सारांश हे प्रकार शुक्रवारच्या लेखनात बसवता येतात.

पुढचं पुस्तक मुलालाच निवडू द्या. पाचगणीजवळच्या भिलारला, पुस्तकांच्या गावात, घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत आणि तिथंच बसून वाचता येतात. तीन पुस्तकांची पहिली दहा पानं वाचायची, ज्याचं अकरावं पान मुलानं न सांगता उलटलं, ते घ्यायचं.