शेजारच्या खोदकामाने घराला तडे गेले? या चुका टाळा

पुण्यात, ठाण्यात, नाशकात हे आता रोजचं झालं आहे. जुन्या सोसायटीशेजारचा बंगला पाडला जातो, बेसमेंटच्या खड्ड्यासाठी पोकलेन येतो, आणि खाली काळा पाषाण लागला की ब्रेकर धडधडू लागतो. काही आठवड्यांत स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा निघतो. भरपाई मिळवायची ताकद तुमच्या हातात असते ती तो खड्डा उघडा आहे तोवरच. एकदा पाया भरला, माती लोटली, की काय खणलं, किती खोल खणलं, कडेला आधार दिला होता की नाही, हे सगळं गाडलं जातं.

तडा बुजवायची घाई

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. साइट सुपरवायझर गोड बोलतो, "काका, काळजी नको, आमचा मिस्त्री पाठवतो, लांबी (पुट्टी) मारून रंग करून देतो." पाहुणे येणार असतात, भिंत वाईट दिसते, आपण हो म्हणतो. पुरावा आपल्याच घरातून पुसला जातो, आणि महिन्याभरात तडा पुन्हा उघडतो.

त्याऐवजी तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहा. शेजारी पट्टी धरून फोटो काढा, म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये कळेल. एक फोटो जवळून, एक पूर्ण भिंतीचा. मग तड्यावर आडवी काचेची बारीक पट्टी दोन्ही बाजूंनी घट्ट चिकटवा, नाहीतर प्लास्टर ऑफ पॅरिसचा छोटा पट्टा लावा आणि त्यावरही तारीख घाला. भिंत सरकत असेल तर काच तडकते, पट्टा चिरतो. काहीच झालं नाही तर हालचाल थांबली असावी, हेही कळतं. दर आठवड्याला त्याच जागेवरून, त्याच उजेडात फोटो घ्या.

सगळेच तडे शेजाऱ्याचे नसतात, हे प्रामाणिकपणे तपासायला हवं. प्लास्टरवरची बारीक जाळी बहुधा जुनी असते. बीम आणि विटांच्या सांध्यावरची सरळ रेघ उन्हातान्हाने पडते. काळ्या मातीवरची घरं उन्हाळ्या-पावसाळ्यात थोडी हलतात, आणि समोरचा वकील हेच म्हणणार. मात्र खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरका जाणारा, विटांच्या थरांतून पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा तडा, अचानक अडकू लागलेली दारं, खड्ड्याच्या बाजूला कललेली फरशी ही खचण्याची लक्षणं आहेत. खड्ड्यातलं पाणी पंपाने सतत उपसलं जात असेल तर तेही लिहून ठेवा. भूजल खाली गेलं की आजूबाजूची माती बसते.

आधीची नोंद नसणे

शेजारच्या जागेभोवती पत्रे लागले, तिथली जुनी इमारत पाडायला घेतली, की लगेच आपल्या इमारतीची पाहणी स्ट्रक्चरल इंजिनियरकडून करून घ्या. सोसायटीने ठराव करून, बिल्डरला कळवून, शक्यतो दोघांच्या सह्यांनी. "हे तडे आधीचेच होते" हा बचाव यानेच मोडतो. काम सुरू झालं असेल तरी आज करा. आजची स्थिती उद्यासाठी "आधीची" असते. फक्त इंजिनियर तुम्ही नेमलेला असू द्या. बिल्डरने पाठवलेल्या माणसाचा "धोका नाही" हा शेरा म्हणजे शेवटचा शब्द नव्हे.

चुकीचं दार

लोक महारेरात (घर घेणाऱ्यांच्या बिल्डरविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं प्राधिकरण) किंवा ग्राहक आयोगात जायला निघतात. तुम्ही त्या बिल्डरचे ग्राहक नाही, त्यामुळे तिथे सहसा काही हाती लागत नाही. महापालिकेचा बांधकाम विभाग काम थांबवण्याची नोटीस देऊ शकतो, पण तुमची भरपाई ठरवून देत नाही. ती दिवाणी न्यायालयातून किंवा आपसातल्या समझोत्यातून येते. म्हणून दोन्हीकडे लेखी जा: महापालिकेला पोच घेऊन अर्ज, आणि जागामालक, बिल्डर, ठेकेदार तिघांना स्पीड पोस्टाने नोटीस. साइटवरच्या फलकाचा फोटो काढा; परवानगी क्रमांक तिथेच मिळतो. मंजूर नकाशे माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून मागता येतात.

१८८२ चा सुविधाधिकार कायदा शेजारच्या जमिनीने तुमच्या जमिनीला दिलेला नैसर्गिक आधार हा तुमचा हक्क मानतो. तुमच्या इमारतीने असा आधार २० वर्षे बिनतक्रार उपभोगला असेल, तर इमारतीसाठीही तो हक्क सांगता येतो. जुन्या सोसायट्यांना हे माहीतच नसतं. खोदकाम चालू असतानाच मनाई हुकूम मागता येतो आणि न्यायालय कमिशनर नेमून जागेची पाहणी करवू शकतं.

विम्यावर भिस्त

घराच्या प्रमाणित "भारत गृह रक्षा" पॉलिसीत जमीन खचण्याचं संरक्षण आहे, पण बांधकाम किंवा खोदकामामुळे झालेलं खचणं त्यातून वगळलेलं आहे. त्याऐवजी ठेकेदाराची "कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क" पॉलिसी मागा. तिच्यात तिऱ्हाइताच्या नुकसानीचा भाग असतो; कंपन आणि आधार काढून घेतल्यामुळे होणाऱ्या नुकसानीचं संरक्षण मात्र वेगळं घ्यावं लागतं. ते घेतलंय का, हे नोटिशीतच विचारा.

कंपाउंड वॉलकडे दुर्लक्ष

घरातल्या तड्यावर सगळं लक्ष जातं आणि खड्ड्याच्या काठावरची सीमाभिंत तशीच राहते. २९ जून २०१९ च्या पहाटे पुण्यात कोंढव्यात सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या बांधकामाच्या जागेतल्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण गेले. भिंत कलली, तिच्या मागची माती फाटली, पावसाचं पाणी तिथे साचू लागलं, तर फोटो काढत बसू नका. दोन्ही बाजूंची माणसं हलवा, अग्निशमन दलाला १०१ वर कळवा, गाड्या भिंतीपासून दूर लावा. मजुरांची मुलं त्याच भिंतीच्या आडोशाला झोपलेली असतात. त्यांना हलवायला ठेकेदाराच्या परवानगीची वाट पाहायची नसते. कॉलम किंवा बीममध्ये तडा दिसला तरी घर आधी रिकामं करा. बांधकामातल्या निष्काळजीपणासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम २९० आहे, पोलिसांकडे तक्रार देताना त्याचा उल्लेख करा.

न वाचता सही

चेक देताना पुढे केलेल्या कागदावर "यापुढे कोणताही दावा राहिला नाही" असं वाक्य बहुतेकदा असतंच. जमिनीची हालचाल एक पावसाळा गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून करारात दुरुस्तीचा तपशील तुमच्या इंजिनियरचा हवा, दुरुस्तीच्या काळातल्या पर्यायी घराचं भाडं हवं, आणि पावसाळ्यानंतरची फेरपाहणी होईपर्यंत काही रक्कम राखून ठेवल्याचं कलम हवं. बिल्डर याला तयार नसेल तर मिळणारी रक्कम "तूर्त दुरुस्तीपोटी, पुढील दाव्यास बाधा न येता" एवढंच लिहून घ्या, आणि हे वाक्य पावतीवरही येऊ द्या.