एसी मेकॅनिक व्हायचं ठरवलंय? आधी गळती शोधायला शिका

एसीतला गॅस वापरून संपत नाही. कामाला येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी पहिल्यांदा हेच सांगतो, कारण बाकीचं सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे. बंद नळीत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. कंप्रेसर त्याला दाबतो, आउटडोरच्या कॉइलमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, पुढे त्याचा दाब एकदम उतरतो आणि इनडोरच्या कॉइलमध्ये पुन्हा वाफ होताना तो खोलीतली उष्णता उचलतो. गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी निसटलाय. तरी मार्च उजाडला की मुंबईभर 'जरा गॅस भरून द्या' असे फोन सुरू होतात, आणि गळती न बघता भरून देणारेही भेटतात. उन्हाळा सरायच्या आत त्याच घरातून पुन्हा फोन येतो.

मी आधी फ्लेअर नट बघतो, म्हणजे नळीचं फुलवलेलं तोंड आवळून धरणारा नट. कॉपरच्या नळीचं तोंड वाकडं फुलवलेलं असतं, नाहीतर पान्याने जीव खाऊन आवळल्यामुळे चिरलेलं असतं. ठरावीक जोरानेच आवळणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, महाग वाटतो, पण घ्या. मग कॉइल. वरळी, वर्सोवा, कुलाब्याच्या समुद्रासमोरच्या घरांत खाऱ्या हवेने आउटडोरच्या जाळीचा भुगा होतो. खाडीजवळ किंवा उघड्या नाल्याजवळ त्रास वेगळा असतो. तिथल्या हवेतला हायड्रोजन सल्फाइड तांब्याला खातो, कॉपर काळं पडतं आणि इनडोरच्या कॉइलला सुईएवढी छिद्रं पडतात. अशा कॉइलला ब्रेझिंग (धातू वितळवून डाग देणं) करून फारसा उपयोग नसतो, आज एक छिद्र बुजवलं तर उद्या दुसरं गळतं. ग्राहकाला स्पष्ट सांगा की कॉइल बदलावी लागेल. पैसे ऐकून तो नाराज होईल, पण पुढच्या वर्षी तुम्हालाच बोलावेल.

गळती शोधताना लाइनमध्ये नायट्रोजन भरायचा, यंत्रावर लिहिलेल्या दाबाच्या मर्यादेत, आणि जोडांवर साबणाचं पाणी लावायचं. नायट्रोजनचा सिलिंडर संपला म्हणून ऑक्सिजन कधीही, कुणीही सांगितलं तरी, जोडायचा नाही. कंप्रेसरमधलं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

त्यानंतर व्हॅक्यूम, म्हणजे नळीतली हवा आणि ओलावा पंपाने ओढून काढणं. जुने लोक थोडा गॅस सोडून नळीतली हवा ढकलून देतात आणि काम झालं म्हणतात. हवेबरोबर आलेला ओलावा मात्र आतच राहतो. नव्या यंत्रांतलं कंप्रेसरचं कृत्रिम वंगण, म्हणजे पीओई तेल, ओलावा पटकन शोषून घेतं, त्यातून आम्ल बनतं आणि कंप्रेसरच्या वाइंडिंगची वाट लागते. मुंबईच्या पावसाळी हवेत तर हा धोका दुप्पट. म्हणून पंप लावा, व्हॅक्यूम मोजणाऱ्या मायक्रॉन गेजवर 500 च्या खाली उतरा, पंप बंद करून काटा वर चढतोय का ते बघत थांबा. ग्राहक 'अजून किती वेळ?' विचारत उभा असतो, तेव्हाही थांबा. नंतर गॅस वजन करून भरायचा, किती ते यंत्रावरच्या पट्टीवर ग्रॅममध्ये छापलेलं असतं. इन्व्हर्टर एसीचा कंप्रेसर वेग बदलत राहतो, त्यामुळे नुसता गेजचा दाब बघून भरलेला गॅस हमखास कमी-जास्त होतो.

जुना एसी काढून नवा बसवण्याचं काम आता वाढलंय. 1987 च्या मॉन्ट्रियल करारानुसार ओझोनला मारक असलेला आर-22 हा जुन्या एसीतला गॅस टप्प्याटप्प्याने हद्दपार होतोय, नव्या घरगुती एसीत बहुतेक आर-32 असतो. जुनं यंत्र उतरवताना गॅस हवेत सोडू नका. ते चालू स्थितीत असेल तर पंप डाउन करा, म्हणजे सगळा गॅस आउटडोरमध्ये ओढून कोंडा: बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद, यंत्र कूलिंगवर, दाब शून्याजवळ आला की जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद आणि लगेच स्विच ऑफ. खरा पेच येतो भिंतीत किंवा फॉल्स सीलिंगमध्ये दडवलेल्या कॉपरचा. फोडाफोड नको म्हणून ग्राहक तेच वापरायला सांगतो. पण आर-32 चा दाब आर-22 पेक्षा बराच जास्त असतो, शिवाय जुन्या नळीत वेगळ्या जातीचं तेल बसलेलं असतं. मी नळीच्या पत्र्याची जाडी मोजतो, 0.8 मिमीपेक्षा पातळ असेल तर नवीनच टाकतो. चांगली असेल तर आतून साफ करून, दोन्ही तोंडं कापून नवे फ्लेअर करतो. आर-32 थोडा ज्वलनशील आहे, म्हणून लाइनमध्ये गॅस असताना ब्रेझिंगची टॉर्च पेटवायची नाही आणि खिडक्या उघड्या ठेवायच्या.

शिकायचं कुठे? दहावीनंतर आयटीआयमधला 2 वर्षांचा 'रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन' हा ट्रेड घ्या, मग ॲप्रेंटिसशिप करा. विद्यावेतन थोडं असतं, पण तिथे उघडलेली यंत्रं पुढे कामी येतात. विजेचं काम मन लावून शिका, कारण अर्ध्याहून जास्त तक्रारी कॅपॅसिटर, सैल वायर, सेन्सर आणि पीसीबीच्या (इलेक्ट्रॉनिक बोर्डाच्या) निघतात. इन्व्हर्टर एसीच्या बोर्डाला वीज बंद करूनही लगेच हात लावू नका, मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशेवर व्होल्ट काही मिनिटं टिकून असतात. जुन्या चाळीत एसी बसवण्याआधी अर्थिंग तपासा. ते नसेल तर आधी इलेक्ट्रिशियन, मग एसी.

पावसाळ्यात पाणी गळण्याच्या तक्रारी येतात, बहुतेक तुंबलेल्या किंवा उलट्या उताराच्या ड्रेन पाइपच्या. थंडीत गिझर शिकून घ्या. टँकर किंवा बोअरचं जड पाणी असेल तिथे गिझरच्या तापणाऱ्या कॉइलवर क्षार चढतो, टाकीला गंजापासून वाचवणारा ॲनोड रॉड झिजतो. टॉवरमध्ये गिझर बदलताना 8 बार दाब सोसणाराच घ्यायला सांगा.

आणि उंची. या शहरात आउटडोर खिडकीबाहेर, छज्ज्यावर, गंजलेल्या ब्रॅकेटवर टांगलेले असतात. दरवर्षी पोरं पडतात, आणि मला त्याची चीड आहे. खिडकीची ग्रिल हा दोर बांधायचा अँकर नव्हे. पूर्ण अंगाचा हार्नेस हवा, दोर पिलरला किंवा मजबूत आधाराला बांधलेला हवा, आत दुसरा माणूस हवा. ब्रॅकेट हलत असेल तर त्यावर वजन टाकायच्या आधी नवीन लावा. पाऊस चालू असताना बाहेर उतरायचं नाही. ठेकेदार हार्नेस देत नसेल तर त्याच्याकडचं काम सोडा, सीझनमध्ये दुसरं मिळायला वेळ लागत नाही.