हेपरिन आणि बीएमपी-२ चं डॉकिंग: या चुका टाळा

परवा दादरला गाडी बदलत होते, तेवढ्यात डॉकिंग (एक रेणू दुसऱ्यावर कुठे, कसा बसेल याचा संगणकावर घेतलेला अंदाज) करणाऱ्या एका ज्युनिअरचा फोन आला. “ताई, स्कोअर उणे ९ आलाय, पेपर लिहायला घेऊ?” मी विचारलं, “पीडीबी फाइलमधला रिमार्क ४६५ वाचलास?” वाचला नव्हता. (स्कोअर जितका उणे, तितकी पकड घट्ट मानतात; पीडीबी फाइल म्हणजे प्रथिनातल्या अणूंच्या जागांची नोंद.)

बीएमपी-२ म्हणजे हाड तयार करायला लावणारं प्रथिन. हेपरिन म्हणजे सल्फेटांनी लगडलेली साखरेची साखळी. या प्रथिनाच्या सुरुवातीच्या ११ अमिनो आम्लांतच ४ लायसिन आणि २ आर्जिनिन, म्हणजे धन चार्जची अमिनो आम्लं आहेत, आणि हेपरिनला धरण्यात या शेपटीचाच मोठा वाटा आहे. पण ती इतकी वळवळती की क्रिस्टलमध्ये तिचा ठाव लागत नाही. ३बीएमपी ही बीएमपी-२ ची पीडीबी फाइल उघडून बघा, शेपटीचं टोक नाहीच! न दिसलेल्या अमिनो आम्लांची यादी रिमार्क ४६५ मध्ये दिलेली असते. सॉफ्टवेअर मात्र काही बोलत नाही, उरलेल्या अंगावर कुठेतरी साखर बसवून मोकळं होतं. माझा पहिला महिना असाच वाया गेला. त्यामुळे आधी शेपटी मॉडेल करून जोडा. तिचा एकच आकार पक्का धरू नका, थोडं एमडी (रेणूच्या हालचालीचं संगणकावरचं अनुकरण) चालवून मिळालेल्या वेगवेगळ्या आकारांवर डॉकिंग करा.

दुसरं, बीएमपी-२ जोडीने असतं, दोन साखळ्या डायसल्फाइड बंधाने बांधलेल्या. एकटी साखळी घेतलीत तर एरवी झाकलेली बाजू उघडी पडते आणि साखर तिथेच जाऊन बसते. बायॉलॉजिकल असेंब्लीच, म्हणजे पूर्ण जोडीची फाइल, उतरवून घ्या.

आता चार्ज. हेपरिनच्या नेहमीच्या डायसॅकराइडवर (दोन साखरांच्या तुकड्यावर) ३ सल्फेट आणि १ कार्बॉक्सिलेट असतात, म्हणजे उणे ४. टेट्रासॅकराइडवर (चार साखरांवर) उणे ८ भरायला हवेत. फाइल बदलताना सल्फेटला हायड्रोजन चिकटलाय का, ते स्वतः बघा; चिकटला की उणे चार्ज कमी होतो. आणि ऑटोडॉक व्हिना या डॉकिंग सॉफ्टवेअरचं मूळ स्कोअरिंग फाइलमधले पार्शल चार्ज (प्रत्येक अणूच्या वाट्याचा चार्ज) वापरतच नाही. जिथे सगळी ओढ चार्जची, तिथे त्या आकड्यावर पोझची (साखर बसण्याच्या वेगवेगळ्या ढबींची) क्रमवारी लावू नका.

हेपरिनमधल्या इडुरॉनिक आम्ल या साखरेची कडी १सी४ आणि २एसओ या दोन आकारांत फिरते. डॉकिंगमध्ये फक्त बंध फिरतात, कडी तुम्ही दिली तशीच राहते. दोन्ही आकार वेगवेगळे डॉक करा. साखळी उलट दिशेनेही तितकीच छान बसलेली दिसते, तेव्हा दोन्ही दिशा नोंदवा.

हे सगळं करण्याआधी तुमची पद्धत १बीएफसी वर चालवा. या पीडीबी फाइलमध्ये एफजीएफ-२ हे दुसरं प्रथिन आणि हेपरिनचं हेक्सासॅकराइड एकत्र आहे. तिथे साखर मूळ जागी परत येत नसेल, तर बीएमपीकडे वळूच नका.

ज्युनिअरने शेपटी जोडली. स्कोअर उणे ७ वर आला, पण बहुतेक आकारांत साखर लायसिनच्या शेजारी बसली. आता त्याचं एमडी सुरू आहे, उणे चार्ज तोलणारे सोडियम आयन न विसरता.