चौघं उरल्यावरचा खेळ : एका टेबलाच्या ऑनलाइन पोकर स्पर्धा शिकताना

माझ्या जुन्या वहीत एक नोंद पुन्हा पुन्हा दिसते : 'चौथा. एक्का-गुलाम. कॉल.' नऊ जणांची स्पर्धा, बक्षीस पहिल्या तिघांना, आणि मी चौथा. पाऊण तास नीट खेळायचं आणि दारात पाय ठेवल्यावर बाहेर पडायचं. त्या काळात मी याला नशीब म्हणत होतो. वहीची बरीच पानं भरली, तेव्हा दिसलं की चौथ्या नंबरावर मी बहुतेक वेळा स्वतः ऑल-इन करून, म्हणजे सगळ्या चिप्स लावून, गेलो नव्हतो. दुसऱ्याचं ऑल-इन कॉल करून, म्हणजे त्याच्या बरोबरीने चिप्स घालून, गेलो होतो. या खेळात नव्याने उतरणाऱ्याला मला सगळ्यात आधी सांगायचं आहे ते हेच, आणि खालचं बरंचसं लिखाण त्याभोवतीच फिरतं.

या स्पर्धांना सिट अँड गो म्हणतात. ठरलेली वेळ नसते. खुर्च्या भरल्या की पत्ते वाटायला सुरुवात होते. सहाची आणि दहाचीही टेबलं असतात, पण मी नऊच्या टेबलावर शिकलो, म्हणून उदाहरणं तिथली देतो. प्रत्येकाला १५०० चिप्स, ब्लाइंड १०-२० पासून सुरू होऊन दर काही मिनिटांनी वाढणारे, आणि बक्षिसाची वाटणी ५०-३०-२० टक्के. टेक्सस होल्डेमचे नियम, हातांचा क्रम, बटण आणि ब्लाइंड म्हणजे काय, हे तुम्हाला येतं असं धरतो.

अजून एक गोष्ट सुरुवातीलाच. पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळणं सगळीकडे कायदेशीर नाही. तुम्ही राहता तिथला कायदा आधी पाहा. मनाई असेल तर नुसत्या खेळाच्या चिप्सवरही हे शिकता येतं. तिथे लोक जास्त बेफिकीरपणे खेळतात, पण गणित बदलत नाही.

आता मूळ मुद्दा. पैशांच्या साध्या टेबलावर एक चिप म्हणजे ठरावीक पैसे, कधीही उठा आणि घेऊन जा. स्पर्धेत तसं नाही. जिंकणाऱ्याकडे शेवटी सगळ्या १३,५०० चिप्स येतात, पण बक्षीस मिळतं निम्मंच. उरलेलं निम्मं अशा दोघांना जातं, ज्यांच्याकडे शेवटी एकही चिप राहिलेली नसते. म्हणजे इथे टिकून राहण्यालाच किंमत आहे. हातात येणारी प्रत्येक नवी चिप आधीच्या चिपपेक्षा थोडी स्वस्त असते, आणि जाणारी प्रत्येक चिप थोडी महाग.

हे मोजायची एक रीत आहे, तिला आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) म्हणतात. पहिलं येण्याची शक्यता चिप्सच्या प्रमाणात धरायची. मग पहिला आलेला बाजूला काढून उरलेल्यांत दुसऱ्या नंबरासाठी तेच करायचं, मग तिसऱ्यासाठी. या शक्यतांना त्या त्या बक्षिसाने गुणून बेरीज केली की प्रत्येकाचा सरासरी वाटा कळतो. यातलं सूत्र मुळात हार्व्हिल नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली शर्यतींतल्या घोड्यांचा क्रम मोजण्यासाठी मांडलं होतं. घोडा आणि पोकरचा खेळाडू यांत फरक आहेच. कोण कसं खेळतो, बटण कुठे आहे, हे या सूत्राला कळत नाही. तरी अंदाजापेक्षा ते कितीतरी बरं.

पहिल्याच डावात तुम्ही ऑल-इन होऊन चिप्स दुप्पट केल्या असं समजा. सुरुवातीला तुमचा वाटा बक्षिसाच्या ११.१ टक्के होता. चिप्स ३००० झाल्यावर तो २२.२ व्हायला हवा, पण हिशेब केला तर येतो २०.३. चिप्स दुप्पट झाल्या, वाटा झाला नाही. म्हणून पहिल्या डावात ऑल-इन कॉल करायला ५० नव्हे तर सुमारे ५५ टक्के जिंकण्याची शक्यता हवी. एक्का-राजा हातात आहे, समोर राणीची जोडी असावी असं वाटतंय, तर तुमची शक्यता ४३ टक्क्यांच्या आसपास. साध्या टेबलावर पॉटमधल्या आधीच्या पैशांमुळे असा कॉल कधीकधी खपून जातो. इथे सोडून द्या.

पण खरी दरी दिसते ती चौघं उरल्यावर. यालाच बबल म्हणतात : अजून एक गेला की बाकीचे तिघं बक्षिसात. चौघांकडे सारख्या चिप्स आहेत असं धरा. प्रत्येकाचा वाटा २५ टक्के. आता दोघं एकमेकांविरुद्ध ऑल-इन झाले. हरणारा शून्यावर. जिंकणाऱ्याकडे निम्म्या चिप्स, पण त्याचा वाटा ५० टक्के होत नाही, ३८.३ होतो. उरलेले ११.७ टक्के गेले कुठे? पत्ते टाकून शांत बसलेल्या दोघांकडे. प्रत्येकाचा वाटा २५ वरून जवळजवळ ३१ वर गेला, एकही चिप न लावता. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ ही म्हण इतक्या काटेकोर आकड्यांत मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

याचा अर्थ असा की २५ गमावण्याच्या धोक्यावर तुम्ही ३८.३ मिळवायला निघाला आहात. २५ ला ३८.३ ने भागा : ६५ टक्के. इतकी जिंकण्याची शक्यता असेल तरच कॉल ना नफा ना तोटा. तुम्ही बिग ब्लाइंडवर असाल तर आधीच पडलेल्या चिप्समुळे हा आकडा थोडा उतरतो, ६२ च्या आसपास येतो. माझा एक्का-गुलाम कोणत्याही दोन पत्त्यांविरुद्ध, म्हणजे समोरचा पत्ते न पाहता ढकलत (ऑल-इन करत) असेल तरी, ६४ टक्क्यांच्या आसपासच जिंकतो. आणि समोरचा थोडेफार निवडून पत्ते ढकलत असेल, तर त्याहून बराच कमी. ज्या पानांवर मी 'नशीब' लिहिलं होतं, त्यांतले बहुतेक कॉल पत्ते उघडण्याआधीच तोट्याचे होते. समोरच्याची जोडी निघाली की माझी, हा प्रश्न नंतरचा. हे कळलं त्या संध्याकाळी मी वहीतले जुने कॉल एकेक करून पुन्हा मोजत बसलो होतो. माझ्या खेळात सगळ्यात मोठा बदल त्या एका बैठकीने झाला.

आता याच नाण्याची दुसरी बाजू पाहा, कारण नुसतं पत्ते टाकत राहिलात तर ब्लाइंडच तुम्हाला खातील. कॉल करणाऱ्याला जे ओझं आहे, ते ढकलणाऱ्याला तितकं नाही. उदाहरण घेतो. चौघं उरलेत, ब्लाइंड १५०-३००. तुमच्याकडे ४५००, बाकी तिघांकडे ३००० प्रत्येकी. पहिल्या दोघांनी पत्ते टाकले, तुम्ही स्मॉल ब्लाइंडवर, आणि तुम्ही ऑल-इन केलं. बिग ब्लाइंडवाल्याला अजून २७०० घालायचे आहेत, पॉट होणार ६०००. चिप्सच्या हिशेबाने त्याला ४५ टक्के पुरेत. बक्षिसाच्या हिशेबाने मात्र ६२ टक्क्यांच्या वर हवेत. ४५ आणि ६२ यांमधली ही दरी म्हणजे तुमची कमाई. त्याला एक्का-दश्शीसुद्धा टाकावी लागते, कारण कॉल करून तो हरला तर घरी जातो आणि तुम्ही हरलात तर १५०० घेऊन अजून बसलेलेच असता. म्हणून अशा वेळी माझ्या हातात काय आहे याला मी फारसं महत्त्व देत नाही. समोर कोण आहे हे मी आधी पाहतो.

कोणावर ढकलायचं, हा या खेळातला सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे. मधल्या आकाराच्या चिप्स असलेल्यांवर. त्यांना गमवायला बरंच काही आहे, आणि आपल्यापेक्षा लहान कोणीतरी आधी जाईल ही आशाही आहे. अगदी लहान ढीग असलेल्याला हात लावू नका : त्याच्याकडे दोन ब्लाइंडपुरत्या चिप्स उरल्या असतील तर तो कशावरही कॉल करणार, आणि त्याचं बरोबरच आहे. तुमच्याहून मोठ्या ढिगावर ढकलताना तर दहादा विचार करा, कारण तिथे घरी जाणारे तुम्ही आहात.

आणि एक प्रकार असा की त्याला हे गणित माहीतच नाही. लहान प्रवेशशुल्काच्या टेबलांवर असे पुष्कळ भेटतात. एक्का दिसला की कॉल. त्यांचा कॉल चुकीचा असतो, पण त्या चुकीची किंमत ते एकटे भरत नाहीत, तुम्हीही भरता, आणि बाजूचे दोघं ती खिशात घालतात. त्यांच्याविरुद्ध, गणिताच्या तक्त्यात बसतात म्हणून, साध्या पत्त्यांवर ढकलू नका. पत्ते चांगले येऊ द्या. कोण कशावर कॉल करतो हे पहिल्या अर्ध्या तासात पाहून ठेवायचं ते यासाठीच. तुम्ही डावात नसताना उघडलेले पत्ते ही फुकटची माहिती आहे.

अजून एक प्रसंग. चौघांत एकाकडे ४०० चिप्स उरल्यात, ब्लाइंड १००-२००, आणि पुढच्या डावात बिग ब्लाइंड त्याच्यावर येणार आहे. अशा वेळी तुम्हाला एक्का-राणी आली आणि मोठ्या ढिगाने तुमच्यापुढे ऑल-इन केलं, तर पत्ते टाका. मन मानणार नाही, मला माहीत आहे. मीही अनेकदा दात-ओठ खाऊन टाकलेत. पण तो ४०० वाला एकदोन डावांत गेला तर तुमचे २० टक्के पक्के होतात.

सुरुवातीच्या टप्प्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १०-२० च्या ब्लाइंडला तुमच्याकडे ७५ बिग ब्लाइंड असतात, पॉटमध्ये पडलेले ३० चोरून काहीही साधत नाही. मोठ्या जोड्या, एक्का-राजा यांवर रेझ करा. लहान जोड्या स्वस्तात फ्लॉप पाहायला मिळाला तरच खेळा. तिसरा पत्ता फ्लॉपवर जुळायची शक्यता साडेआठात एक, म्हणून रेझ तुमच्या ढिगाच्या मानाने लहान हवा. बाकी टाकत चला. बाकीचे एकमेकांना बाद करताहेत, तुम्ही पाहा.

ब्लाइंड ५०-१०० च्या पुढे गेले की चोरी सुरू करायची, म्हणजे रेझ करून बाकीच्यांना पत्ते टाकायला लावायचं आणि पडलेले ब्लाइंड उचलायचे. बटणावरून, बटणाच्या आधीच्या जागेवरून, सगळ्यांनी टाकल्यावर. नुसता कॉल करून डावात शिरू नका.

तुमचा ढीग १० बिग ब्लाइंडच्या आसपास आला की मधले पर्याय संपतात : ऑल-इन किंवा फोल्ड. कारण साधं आहे. ९ ब्लाइंड असताना ३ चा रेझ केलात, समोरच्याने ऑल-इन केलं, तर तुमचा तिसरा हिस्सा आत अडकलेला आहे आणि टाकवत नाही. त्यापेक्षा आधीच सगळं लावा, म्हणजे समोरच्याने पत्ते टाकण्याची संधी तरी तुमच्याकडे राहते. या संधीलाच खरी किंमत आहे, आणि ती वाट पाहण्यात संपते. चांगल्या पत्त्यांची वाट पाहत ३ ब्लाइंडवर आलेला माणूस ऑल-इन करतो तेव्हा कोणी घाबरत नाही. ७ ब्लाइंडला बटणावरून साध्या राजा-दश्शीवर ढकलणं हे २ ब्लाइंडला राणीची जोडी येण्याची आस धरून बसण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचं.

चौथा गेला, तिघं उरले. इथे बरेच जण सैल पडतात, पैसे तर सुटले म्हणून. प्रत्यक्षात २० टक्के प्रत्येकाचे झाले, म्हणजे ६० वाटले गेले. उरलेल्या ४० पैकी ३० पहिल्या नंबराला जोडलेले आहेत, १० दुसऱ्याला. मघापर्यंत जगणं महत्त्वाचं होतं, आता जिंकणं. बबलवर बांधलेला संयम इथे सोडावा लागतो, आणि मला हे उलटं वळण घ्यायला फार वेळ लागला. तिसरा नंबर पुन्हा पुन्हा येतो आणि तरी शिल्लक वाढत नाही, असं दिसलं तर दोष बहुधा इथे असतो.

दोघं उरल्यावर तर आयसीएम बाजूलाच होतं. दोघांचे ३०-३० पक्के, भांडण उरलेल्या २० साठी, आणि ते सगळे एकालाच. आता चिप म्हणजे चिप. बटणवाला स्मॉल ब्लाइंड भरतो आणि फ्लॉपआधी प्रथम खेळतो. १० ब्लाइंडच्या ढिगावर त्याने निम्म्याहून अधिक पत्त्यांवर ऑल-इन करणं बरोबर ठरतं. नवख्याला हे वेड्यासारखं वाटतं. एक्का कसाही, राजा कसाही, कोणतीही जोडी : ढकला.

पैशांविषयी स्पष्ट बोलायला हवं. प्रवेशशुल्कावर खेळ चालवणाऱ्याचा १० टक्के आकार सर्रास असतो. १० लावायला ११ भरावे लागतात. नऊही जण सारख्या ताकदीचे असतील तर प्रत्येकजण ९ टक्के हरतो. तेवढं भरून निघेल इतकं तुम्ही बाकीच्यांपेक्षा बरं खेळलं पाहिजे, मग नफ्याची गोष्ट. शिवाय चढउतार. सारख्या ताकदीच्या नऊ जणांत एका स्पर्धेच्या निकालाचं प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून साधारण किती दूर जातो त्याचं माप) प्रवेशशुल्काच्या दीडपटीहून थोडं जास्त येतं. शंभर स्पर्धांत ते १५ शुल्कांपर्यंत जातं. याचा अर्थ शंभर स्पर्धांनंतर १५ शुल्कं वर असलात किंवा खाली, त्यावरून तुम्हाला खेळ येतो की नाही हे ठरत नाही. हजार स्पर्धांनी थोडं कळू लागतं. म्हणून बाजूला काढलेले, गेले तरी चालतील असे किमान ५० प्रवेशशुल्कांचे पैसे असतील तरच बसा. १०० असतील तर उत्तम. उसने किंवा घरखर्चाचे पैसे यात कधीही आणू नका, आणि गेलेले परत मिळवायला म्हणून वरच्या शुल्काच्या टेबलावर कधीही जाऊ नका. मी दोन चांगल्या, अभ्यासू खेळाडूंना फक्त या एका सवयीमुळे संपताना पाहिलं आहे.

अभ्यासाची माझी पद्धत अजून तीच आहे. एका वेळी एकच टेबल. खेळताना गणित करत नाही, तेवढा वेळच नसतो. स्पर्धा संपल्यावर खेळलेल्या डावांची नोंद काढतो आणि आयसीएमच्या गणकात फक्त एकाच प्रकारचे डाव घालतो : पाच किंवा कमी जण उरले असताना मी कॉल केलेलं किंवा टाकलेलं प्रत्येक ऑल-इन. वहीत चार रकाने. माझे पत्ते, समोरचा कोणकोणत्या पत्त्यांवर ढकलत असेल असं मला वाटतं ते, लागणारे टक्के, असलेले टक्के. डावाचा निकाल लिहायला पाचवा रकाना मी मुद्दाम ठेवलेला नाही.